दहापैकी सात

विद्यार्थी : मामा, तुम्ही माझी वही चाळली आणि हसलात, ते मला लागलं. दोन वर्षांत बघितलेला प्रत्येक पिक्चर, प्रत्येक सिरीज तिच्यात आहे. तारीख, कुठं बघितली, दहापैकी गुण आणि खाली दोन ओळी. 'छावा', फेब्रुवारी २०२५, सात गुण : पहिला अर्धा भाग विस्कळीत, अक्षय खन्ना कमी बोलतो म्हणून जास्त भीती वाटते, शेवटच्या अर्ध्या तासात पूर्ण थिएटर रडत होतं, मी रडलो नाही पण घसा दुखला. 'वाळवी', साडेआठ : खून करायला निघालेली माणसं इतकी बावळट असू शकतात हे आधी कुणी दाखवलंच नव्हतं. 'पुष्पा २', पाच : एका माणसाने किती जणांना मारावं याला काही हिशेब? यात हसण्यासारखं काय आहे? मी समीक्षक नाही, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. पण कुंभारीवरून अक्कलकोट रोडने सोलापूरला जाऊन तिकीट मीही काढतो. तिकीट काढणाऱ्याला मत असूच नये का?

ऑपरेटर : मत असू दे की. मी हसलो ते साडेआठला. दीड गुण कशाचा कापलास रे? शुद्धलेखनाचा? मी १९८५ ला टॉकीजला लागलो, तीस वर्षांवर केबिनमध्ये काढली. एवढ्या वर्षांत मला कुणी विचारलं नाही की पिक्चर कसा आहे, आणि मीही कुणाला सांगितलं नाही. मत खाली, अंधारात असायचं. शिट्टी वाजली, चिल्लर पडद्यावर आली, की समजायचं. मध्यंतरानंतर सायकल स्टँडवरच्या सायकली कमी झाल्या, की तेही समजायचं. ते एकट्याचं मत नसायचं, आठशे जणांचं मिळून एक असायचं. आणि तुझ्या वहीत मी आणखी एक आकडा बघितला. कोपऱ्यात बारीक अक्षरात दीड. आधी वाटलं तेही गुण असतील. मग कळलं, तो वेग आहे. दीडपट वेगाने बघितलेला पिक्चर! अरे, सेकंदाला चोवीस चौकटी हे आमचं पसायदान होतं. दोन हजार फुटांचं रीळ बावीस मिनिटं चालायचं म्हणजे बावीसच. पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात ठिपका दिसला की दुसरी मशीन सुरू करायची, दुसरा ठिपका दिसला की इकडचं झाकायचं, तिकडचं उघडायचं. अर्धा सेकंद चुकला तर खालून आई-बहीण निघायची. आणि तू घाईघाईने गिळतोस, वर स्वयंपाकाला नावं ठेवतोस.

विद्यार्थी : वेगाचं कबूल. पण टॉकीजमध्ये बघितलेल्याला मी दीडपट कसं करणार? ते फक्त सिरीजला. आणि तिथं दोष माझा नाही. तीन तासांचा ऐवज आठ भागांत ताणला की माणूस पळवणारच. त्यातला एखादा माणूस गाडी लावतो, गाडीतून उतरतो, गाडीकडे बघतो, चष्मा काढतो. एवढ्याला मी माझा रोजचा दीड जीबी घालवू? तुमच्या वेळीही लोक गाणं लागलं की विडी ओढायला बाहेर जायचे. ते काय होतं? तेही पळवणंच की. फक्त त्याला बटण नव्हतं.

आणि एकट्याचं मत म्हणून तुम्ही त्याला खाली ढकलता, तर ऐका. पेपरात, टीव्हीवर जे बोलतात ते मुंबई-पुण्याचं बोलतात. आमच्या घरात तेलुगू, शाळेत मराठी, गल्लीत हिंदी. 'पुष्पा' मी तेलुगूत बघितला तेव्हा अर्धा डोक्यावरून गेला, कारण ती चित्तूरकडची बोली, आणि आमची आजी बोलायची ती तेलंगणातली, तीही सोलापुरात तीन पिढ्या मुरलेली. मग हिंदीत बघितला, तर अल्लू अर्जुनच्या तोंडून आवाज आपल्या श्रेयस तळपदेचा. म्हणजे तेलुगू घरातला पोरगा तेलुगू पिक्चर हिंदीत बघतो, एका मराठी माणसाच्या आवाजात. हे कुठल्या समीक्षकाने लिहिलं? हे मी नाही लिहिलं तर कोण लिहिणार?

ऑपरेटर : तूही नाही लिहिलंस! वहीत आहे 'पुष्पा', सहा गुण, डायलॉग भारी. एवढंच.

विद्यार्थी : ...ते राहिलं.

ऑपरेटर : राहिलं नाही, गुणांनी खाल्लं. आकडा टाकला की माणसाला वाटतं काम झालं. बरं, 'बलगम' काय आहे हे? नऊ गुण दिसतात आणि खाली फक्त 'कावळा'.

विद्यार्थी : २०२३ चा तेलुगू पिक्चर आहे. वेणू येलदंडी नावाच्या माणसाचा, आधी विनोदी कामं करायचा. तेलंगणातलं गाव. एक म्हातारा मरतो, आणि त्याच्या पिंडाला कावळा शिवत नाही. बस, एवढीच गोष्ट. गाव धसकतं, पंच बसतात, कावळा का शिवत नाही म्हणून घरातली जुनी भांडणं वर येतात. मुलगी आणि मुलगे कित्येक वर्षं बोलत नाहीत, आणि मूळ कारण काय, तर जेवणात जावयाच्या ताटात मटणाची नळी आली नाही! आम्ही सगळे हसलो, आणि मग कुणीच हसेना, कारण आमच्या थोरल्या काकांचं आणि बाबांचं असंच आहे. नळी नव्हे, माग विकला त्याचे पैसे. शेवटी गावातले गाणारे म्हाताऱ्याचं आयुष्य गाऊन सांगतात आणि भाऊ-बहीण ओक्साबोक्शी रडतात. तेलंगणात गावागावांत लोकांनी पडदा बांधून तो एकत्र बघितला. आजी असती तर तिला एकही शब्द विचारावा लागला नसता. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा पिक्चरमधल्या बाया माझ्या आजीसारख्या बोलल्या.

ऑपरेटर : हे बघ, आता बोललास. यात गुण कुठं आहेत? पण माझी खरी शंका पुढं आहे. आजीसारखं बोलल्या म्हणून नऊ. मग ते पिक्चरचे गुण की आजीचे? आपलं दिसलं की आवडलं, हे मला सगळ्यांत कच्चं मत वाटतं. 'सैराट' लागला २९ एप्रिल २०१६ ला. दिग्दर्शक जेऊरचा, पोरगी अकलूजची, सगळा जिल्हा लोटला. खाली लोक ओरडत होते ते कशाला? ती विहीर बघून, तो ऊस बघून, 'मराठीत सांगितलेलं कळत नाही का' म्हणणाऱ्या पोरीला बघून. आरशात बघून टाळ्या वाजवणं आणि पिक्चर समजणं यात फरक आहे की नाही? 'छावा'चंही तेच. राजाचं नाव ऐकूनच ज्याचा ऊर भरून आला, त्याने पडद्यावर काय बघितलं? तो घरातून भरून निघाला होता, थिएटरात फक्त सांडला.

विद्यार्थी : 'छावा'बद्दल मी तुमच्याशी अर्धा सहमत आहे, म्हणून तर सात. मराठी राजा हिंदीत गरजतो हेही मला खटकलं. पण 'सैराट'ला तुम्ही आरसा म्हणता, ते मला पटत नाही. आधी 'फँड्री' घ्या. तोही त्याच नागराज मंजुळेंचा. त्यात आपलंच दाखवलंय, पण आपण टाळ्या वाजवाव्यात असं काहीच नाही. घरातली माणसं आपसांत कैकाडी बोलतात. फँड्री म्हणजे त्या भाषेत डुक्कर, हे किती जणांना ठाऊक होतं? डुक्कर पकडताना शाळेत राष्ट्रगीत लागतं आणि ते अख्खं घर जागच्या जागी थांबतं, डुक्कर मात्र चालत राहतं. आणि शेवटचा दगड! तो पोरगा दगड मारतो तो थेट आपल्यावर येतो. आरशातून कुणी दगड मारत नाही, मामा.

आता 'धडक' बघा. तीच गोष्ट, दोन वर्षांनी, हिंदीत. उदयपूरचे महाल आणले, तलाव आणला, पोरं देखणी घेतली. जात मात्र अशी पुसली की दोघं का पळतायत हेच कळेना. 'सैराट'मध्ये परशा कुठल्या घरचा आहे हे कुणी भाषण करून सांगत नाही. त्याच्या घराची उंची सांगते, बाप पाटलासमोर कसा उभा राहतो ते सांगतं. ते काढलं की उरतं एक श्रीमंत-गरीब प्रेम, जे तुम्ही केबिनमधून शंभर वेळा दाखवलं असेल. म्हणजे आपला ऊस, आपली विहीर, आपली बोली ही सजावट नव्हती. गोष्ट तिच्यावरच उभी होती. आणि हे मला कळलं ते मी इथला आहे म्हणून. उदयपूरच्या पोराला 'धडक'मध्ये काय खोटं आहे ते माझ्याआधी कळलं असेल.

ऑपरेटर : हे मान्य. दगडाचं मान्य. मग मला सांग, इथला असल्यामुळे तुला इतकं कळतं, तर वहीच्या मागच्या पानावर हे काय लिहिलंयस? 'आईच्या मालिका : गुण देण्याच्या लायकीच्या नाहीत. तेच तेच.' तू इथला, आई कुठली?

विद्यार्थी : आता त्यात काय चुकलं? 'आई कुठे काय करते' पाच वर्षं चालली. एक माणूस म्हणतो, मी घर सोडून चाललो. दुसरी म्हणते, म्हणजे तू घर सोडून चाललास? तिसरी म्हणते, ऐकलंत का, तो घर सोडून चाललाय. मग तिघांचे चेहरे, तीन-तीन वेळा, ढगांच्या गडगडाटासह. याला काय गुण देऊ?

ऑपरेटर : तू ती बघितलीस. आई बघते का?

विद्यार्थी : रोज बघते. एक भाग चुकवत नाही.

ऑपरेटर : नीट आठव. तुझी मामी तीस वर्षं विड्या वळत होती. हे घर तिच्याच नावावर आहे. गोदूताई वसाहतीत दहा हजार घरं झाली, २००६ मध्ये पंतप्रधान येऊन देऊन गेले, ती विडी वळणाऱ्या बायांची. त्यामुळे मी जे सांगतो ते माझ्या ओट्यावरचं सांगतो. तुझ्या आईचंही तेच. सूप मांडीवर. पान पत्र्याच्या मापाने कापायचं, तंबाखू चिमटीत घ्यायची, वळायचं, तोंड नखाने दुमडायचं, दोरा गुंडाळायचा. पंचवीस झाल्या की कट्टा. हजार झाल्या तर दिवस भरला; आणि कारखान्यात पानाला भोक दिसलं, तंबाखू कमी वाटली, तर छाट. मग डोळे कुठं असणार? सुपात. टीव्ही तिच्या पाठीला नाहीतर बाजूला. ती मालिका ऐकते रे! 'म्हणजे तू घर सोडून चाललास?' हे तुला वेड्यासारखं वाटतं, कारण तू त्या माणसाला बॅग भरताना बघितलंस. तिने नाही बघितलं. तिला कुणीतरी सांगायलाच पाहिजे की बॅग भरली. गडगडाट झाला की ती मान वर करते, चेहरा बघते, पुन्हा खाली. तीन वेळा चेहरा दाखवतात तो तिच्यासाठी. पहिल्या वेळी तिच्या हातात दोरा असतो. जी गोष्ट कानासाठी रचली, तिला तू डोळ्याने तपासून शून्य दिलंस.

(इथं लेखकाने मध्ये तोंड घालू नये हा संवादाचा नियम, पण राहवत नाही. मालिकांवर आजवर जे हजारो फटकारे मारले गेले, त्यांतले काही माझेही आहेत, आणि ते मारताना माझे दोन्ही हात रिकामे होते. बोलू द्या दोघांना.)

विद्यार्थी : हे मला सुचलं नव्हतं. खोटं कशाला बोलू. आईचं तसंच आहे. पडद्यावर कुणी विडी पेटवली की खाली इशाऱ्याची पाटी येते. आई दर वेळी विचारते, काय लिहिलंय रे? मी दर वेळी सांगतो, काही नाही.

पण मामा, तुम्ही एक गोष्ट निसटू दिलीत. मालिका कानासाठी आहे, ठीक. मग कानासाठी चांगलं काही रचता येत नाही का? रेडिओवर श्रुतिका व्हायच्या, तुम्हीच सांगता. पडद्याआडून ऐकलं तरी कळतं असं कीर्तन होतं. ते काय तेच तेच होतं? आईचे हात गुंतलेत म्हणून तिला रोज रडणारी सूनच वाढायची? मालिकावाल्याने तिच्या सुपाकडे बघून गोष्ट रचली हे मला पटत नाही. त्याला आठवड्याचे सहा भाग भरायचेत, मध्ये जाहिराती घालायच्यात. ताणणं हा त्याचा धंदा आहे. तो ताण आईच्या कामाला आपोआप जुळला, एवढंच. तुम्ही त्याच्या आळसाला मायेचं नाव देताय. तिला फार काही कळणार नाही असं धरून चालणारा मालिकावाला, आणि तिला एवढंच पुरतं म्हणणारे तुम्ही, दोघं एकाच बाकावर बसलात की!

ऑपरेटर : ...बस म्हण. हे लागलं, पण बरोबर आहे. माझ्या मनात कुठंतरी तेच असेल. १९९१ ला 'माहेरची साडी' लागला. बाया बैलगाड्या, टेम्पो करून यायच्या. मी मोठ्या हुशारीने पोराला म्हणायचो, बघ, आता सतरा नंबरचा हुंदका येणार. आणि यायचाच. शो संपला की खुर्च्यांखाली पदराने पुसलेल्या नाकांचा वास, अशी थट्टा करायचो. मुळात तो राजस्थानी पिक्चरवरून घेतलेला. म्हणजे तिकडच्या बायाही तिथंच रडल्या असणार. त्या कशासाठी रडतात हे मला केबिनमधून कधीच कळलं नाही. कारण सांगू? मी तो पिक्चर ऐकलाच नाही. केबिनमध्ये मशीनचा आवाज एवढा, की भिंतीवरच्या डबड्या स्पीकरमधून फक्त सुरू आहे का बंद, एवढंच कळायचं. चौकोनी भोकातून मी शेकडो पिक्चर बघितले, रोज चार खेळ, आणि त्यांतले संवाद मला येतात ते लोकांच्या तोंडून ऐकून. आई ऐकते, बघत नाही. मी बघितलं, ऐकलं नाही. वर मी तुला सांगतो, पूर्ण पिक्चर बघ!

विद्यार्थी : आणि मी बघतो, ऐकतो, पण दीडपटीने.

ऑपरेटर : झालो ना तिघं.

विद्यार्थी : आईला मी एकदा नेलं होतं टॉकीजला. 'बाईपण भारी देवा', २०२३ मध्ये. वसाहतीतल्या नऊजणी मिळून गेल्या, मी तिकिटं काढून द्यायला. तिच्या शेजारी बसलो. अंधार झाला, पिक्चर सुरू झाला, आणि थोड्या वेळाने माझं लक्ष तिच्या मांडीवर गेलं. पदराचं टोक घेऊन ती वळत होती. वळायची, दुमडायची, सोडायची. पुन्हा वळायची. पूर्ण अडीच तास. बाकीच्या हसत होत्या, तीही हसत होती, पण बोटं थांबली नाहीत. घरी आल्यावर विचारलं, कसा होता? म्हणाली, चांगला होता, पण मान दुखली. मी वहीत लिहिलं : सहा, शेवट गोड करून टाकलाय.

ऑपरेटर : आणि मानेचं?

विद्यार्थी : नाही लिहिलं.

ऑपरेटर : 'सैराट'ची एक गंमत सांगतो, गंमत म्हणजे गंमत नव्हे. तोवर रिळं गेली होती, कार्बनच्या कांड्या गेल्या होत्या. पिक्चर डिजिटल यायचा, माझं काम बटण दाबायचं. पहिल्या दिवशीचा खेळ. शेवट आला. भाऊ येतात, चहा होतो, पोरगं शेजारणीकडून परत येतं, आणि आवाज गेला. एकदम. डिजिटल मशीन तेवढं ओरडत नाही, त्यामुळे मला पहिल्यांदाच केबिनमध्ये शांतता ऐकू आली. छातीत धस्स. वाटलं, यंत्र बसलं. आता खालून शिव्या येणार, 'आवाऽज!' म्हणून. मी धावत जाऊन बटणं बघतोय, वायरी हलवतोय. सगळं ठीक. खालून एक शब्द नाही. मग भोकातून बघितलं, तर ते पोरगं रडतंय, तोंड उघडं, आवाज नाही, आणि रक्ताची पावलं उमटवत बाहेर चाललंय. शिट्टी मारणारे आठशे लोक, एक खुर्ची वाजली नाही. तीस वर्षांत मी पिक्चर बघितला असेल तर ती दोन मिनिटं.

विद्यार्थी : आईने तो टीव्हीवर ऐकला. सूप मांडीवर होतं. मी आत अभ्यास करत होतो. ती ओरडली, अरे टीव्ही बिघडला, आवाज गेला बघ. मी बाहेर येईपर्यंत तिनेच मान वर केली होती. आणि खाली घातली नाही. जाहिरात लागेपर्यंत हातात अर्धी वळलेली विडी तशीच.

ऑपरेटर : आणि तू? तू कधी बघितलास?

विद्यार्थी : मी त्या वेळी शाळेत होतो. बाबांनी नेलं नाही. पुढं मोबाइलवर. आवाज गेला तेव्हा मला वाटलं इयरफोन निघाला. तो घालेपर्यंत पोरगं बाहेर गेलं होतं. शेवट काय होतो हे आधीच माहीत होतं, म्हणून मागे नेऊन नाही बघितलं.

ऑपरेटर : वहीत किती दिलेस?

विद्यार्थी : दहा. सगळेच देतात.

ऑपरेटर : खोडू नकोस. ज्या दिवशी दिलेस त्या दिवशीचे ते खरे. पण शेजारी आणखी एक रकाना आख.

विद्यार्थी : कशाचा? हात कुठं होते त्याचा? तो रकाना घातला तर गुणांना अर्थच राहणार नाही मामा. मग वाईट पिक्चरलाही म्हणता येईल, तुमचे हात रिकामे नव्हते. कुठंतरी म्हणावंच लागेल ना, की हा पिक्चर वाईट आहे, कुणी कसाही बघो?

ऑपरेटर : म्हणावं लागेल. 'धडक'ला म्हणालास तसं. पण ते कुठून म्हणायचं, ते मलाही नीट सांगता येत नाही.

विद्यार्थी : रविवारी 'बलगम' पुन्हा लावणार आहे, आईसाठी. मागच्या वेळी तिनेही ऐकलाच होता. तुम्हीही या. ह्या वेळी तिला सांगणार आहे, सूप बाजूला ठेव, दोन तास नुसती बघ.

ऑपरेटर : येतो की. पण सोमवारी कारखान्यात माल द्यायचा असेल तिला. दोन तासांच्या विड्या कोण वळणार? तू?

विद्यार्थी : मला कुठं येतात वळायला.

ऑपरेटर : मला येतात थोड्या. मामीच्या शेजारी बसून शिकलो होतो. पण मग मला ऐकावाच लागेल, आणि तेलुगू मला येत नाही.